कार्यपद्धतीच्या पालनाची शौर्यगाथा

“ठरवून दिलेली कार्यपद्धती तुम्ही काटेकोरपणे पाळलीत, असा एखादा प्रसंग सांगा,” हा प्रश्न मुलाखतीत हमखास येतो आणि त्याचे उत्तर देताना भोळे उमेदवार एक घोडचूक करतात: ते खरोखर घडलेला प्रसंग सांगू लागतात. आपण तसे करू नये. कार्यपद्धती पाळली की सहसा काहीच घडत नाही, ती असते मुळी त्यासाठीच. आणि काहीच न घडलेल्या दिवसाची हकीकत ऐकायला निवड समिती बसलेली नाही, हे मनाशी पक्के धरावे.

समजा, आपण कारखान्यात देखभालीचे काम करत होता. यंत्र दुरुस्तीला घेण्यापूर्वी आपण चालकाला कळवले, वीजपुरवठा तोडला, मुख्य स्विचला स्वतःचे कुलूप आणि नावाची पाटी लावली, किल्ली खिशात टाकली आणि एवढे करूनही यंत्र खरेच बंद आहे ना, हे पाहण्यासाठी सुरू करण्याचे बटण एकदा दाबून पाहिले. शिफ्ट संपत आली होती, पर्यवेक्षक घाई करत होते, तरीही यातली एकही पायरी आपण गाळली नाही. ही हकीकत इतकी नीरस आहे की ऐकणाऱ्याचा तिच्यावर चटकन विश्वास बसेल आणि तो थेट कामाविषयी बोलू लागेल. हा धोका टाळण्यासाठी “सुरक्षिततेशी मी कधीही तडजोड करत नाही,” हे वाक्य धीरगंभीर आवाजात म्हणावे. त्यात कुलूप नाही, किल्ली नाही, बटण तर नाहीच. त्यामुळे ते रुग्णालयापासून बँकेपर्यंत कुठेही खपते.

प्रसंग, जबाबदारी, कृती आणि परिणाम या क्रमाने उत्तर मांडण्याची ‘स्टार’ पद्धत आपण ऐकली असेलच. तिचा आदर राखून प्रसंगाचे वर्णन करताना कंपनीच्या स्थापनेपासून सुरुवात करावी आणि कृतीची वेळ आली की “मग आम्ही योग्य ती कार्यवाही केली,” एवढ्यावर आवरते घ्यावे. ‘आम्ही’ हे सर्वनाम इथे फार उपकारक ठरते, कारण त्यात आपण नेमके कुठे उभे होतो हे विचारण्याची सोय राहत नाही. (काही खवचट परीक्षक तरीही विचारतात.) परिणाम मात्र टक्केवारीतच सांगावा, आधी चुका किती होत होत्या हे कोणी मोजले होते का, या प्रश्नावर नम्रपणे हसावे.

ज्यांचे वाचन जास्त झाले आहे, त्यांनी 1935 सालच्या बोइंग विमानाच्या अपघाताचा दाखला देण्याचा मोह आवरावा. जमिनीवर उभ्या विमानाची सुकाणू-यंत्रणा अडकवून ठेवणारी खीळ उड्डाणापूर्वी काढायची राहून गेली आणि निष्णात वैमानिकाच्या हातून ते विमान कोसळले. त्यावर उपाय म्हणून पुढे आली ती वैमानिकाने प्रत्येक वेळी पडताळून पाहायची साधी यादी. अनुभवी माणूसही विसरतो, असे या घटनेतून निघते आणि आपण तर कधीच काही विसरत नाही, हे सांगायलाच मुलाखतीला आलो आहोत.

“एखादा नियम पटला नाही तर काय कराल?” हा खरा चकवा. बदल मंजूर होईपर्यंत नियम पाळत राहिलो, अडचण वरिष्ठांना लेखी कळवली आणि सुधारित आवृत्ती आल्यावर जुन्या प्रती टेबलावरून काढून टाकल्या, असले कारकुनी उत्तर देऊन स्वतःला खुजे करून घेऊ नये. “नियमाचा शब्द नव्हे, आशय पाळतो,” असे बाणेदारपणे सांगावे. हिशेब तपासणारे गृहस्थ समितीत असतील, तर ते याच क्षणी काहीतरी लिहून घेतील. ते कौतुकच समजावे.

राहता राहिले मुलाखतीचे पत्र. मूळ प्रमाणपत्रे कोणत्या क्रमाने लावायची, किती वाजता हजर राहायचे, भ्रमणध्वनी कुठे जमा करायचा, असल्या किरकोळ सूचना त्याच्या मागच्या बाजूला छापलेल्या असतात. कार्यपद्धतीवरील उत्तर पाठ करण्यात गढलेल्या माणसाने तिकडे लक्ष देण्याचे कारण नाही.