"किती बारीक झालीस गं!" म्हणणाऱ्या सगळ्यांसाठी

आज आम्ही एका साखरपुड्याला गेलो होतो. भेटेल ती बाई माझ्या भाचीला म्हणत होती, "अगं, किती बारीक झालीस! लई भारी दिसायलीस." एकीनं तर डाएट लिहून मागितलं. पोरगी हसत होती. तिचा हात माझ्या हातात होता. लातुरातला मे महिना, आणि हात गार!

तिला विचारूनच लिहितेय.

वजन कमी करायला तिला डॉक्टरांनीच सांगितलं होतं. पीसीओडी आहे, थोडं वजन उतरलं की पाळी मार्गी लागते. लागलीही. संध्याकाळचं चालणं, बिनसाखरेचा चहा, फरसाण बंद. यात वाईट काय? काहीच नाही. मग मोबाइलमधल्या ॲपनं दिवसाला 1200 कॅलरीचा आकडा दिला आणि हिनं तो स्वतःच 900 वर आणला. मार्गी लागलेली पाळी पुन्हा बंद पडली. केस तर मूठमूठ गळायला लागले.

वेळ अमावस्येला, आमच्याकडच्या शेतातल्या सणाला, कोपीसमोर (कडब्याच्या खोपीसमोर) पंगत बसली होती. भज्जी (भाज्या-शेंगदाण्यांची मिसळभाजी), आंबील, बाजरीचे उंडे, म्हणजे पिठाचे गोळे. हिनं पिशवीतून वजनकाटा काढला. उंडा काट्यावर ठेवला, आकडा बघितला, अर्धा मोडून बाजूला सारला. भज्जीतले शेंगदाणे बोटानं एकेक करून काठाला लावले. माझी आई समोरच बसली होती. 72 च्या दुष्काळात खडी फोडून सुकडीवर दिवस काढलेली बाई. "माय, पोटभर खा की गं," एवढंच बोलली. तर पोरगी रडायलाच लागली. भीतीनं. अर्ध्या उंड्याच्या भीतीनं!

माझ्या मते रेष तिथंच आहे. ठरल्यापेक्षा दोन घास जास्त गेले तर "असू दे, उद्या बघू" म्हणता येतं तोवर ते डाएट. दोन घासांसाठी रात्री दार लावून तासभर उड्या माराव्या लागत असतील, तर तो आजार आहे. आणि त्यासाठी हाडं दिसावी लागत नाहीत. हिचं वजन आजही उंची-वजनाच्या तक्त्यात बसतं, म्हणून तर कुणाला पटत नाही.

रात्री ही मोबाइलवर काय बघते? बिर्याणी, पुरणपोळी, केक. करायचं काही नाही, नुसतं बघायचं. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात उपासमारीच्या अभ्यासासाठी 36 धडधाकट तरुणांना सहा महिने रोज सरासरी 1570 कॅलरीवर ठेवलं होतं. त्यांच्या डोक्यात दुसरं काही राहिलंच नाही, त्यांतले काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. त्यांना निदान 1570 मिळत होत्या!

हो, शुगर-बीपी आता आपल्याकडे घरोघरी आहे, वजन कमी करायलाच पाहिजे, मान्य. माझे दीर डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीनं दोनच वेळा जेवतात. पण पोटभर जेवतात, आणि ताटावरून उठले की खाणं विसरून शेतात जातात. हिला विसरताच येत नाही.

मला सारखा तो बाजूला सारलेला अर्धा उंडा आठवतो. आईनं तो नंतर कुणाला न सांगता पदरात बांधून घरी आणला आणि चुलीपाशी झाकून ठेवला, रात्री पोरीला भूक लागली तर म्हणून. तिनं नाही खाल्ला.

आणि तुम्ही तिला म्हणता, अजून दोन किलो कमी कर, मग स्थळांची रांग लागेल! जीभ कशी रेटते हो? तिची फार्मसीची परीक्षा झालीय, त्याचं विचारा. नाहीतर काहीच बोलू नका.

पुढच्या आठवड्यात तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेतेय, आहारतज्ज्ञही बघतोय. ती स्वतःहून तयार झाली, याचं मला फार अप्रूप आहे. तुमच्या घरात अशी लेक किंवा लेकरू असेल (मुलगेही असतात, जिमच्या नावाखाली झाकलं जातं) तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. दवाखान्यात एकटं जायला संकोच वाटत असेल तर मला इनबॉक्सात लिहा. लातुरात असाल तर मी सोबत येईन.