सिरियल पोर्टच्या लाइन हलवायला रूट लागत नाही

भाच्याने काल एक फॉरवर्ड दाखवला. त्यात म्हटलंय, लिनक्समध्ये सिरियल पोर्टच्या डीटीआर, आरटीएस या इशाऱ्याच्या लाइन साध्या प्रोग्रॅममधून हलतच नाहीत, म्हणजे चढवता-उतरवता येत नाहीत. रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) व्हा, आयओपर्म करा (हार्डवेअरच्या पत्त्यांवर थेट लिहायची परवानगी घ्या) आणि हेक्स ३एफ८ या पत्त्यावर थेट लिहा. पोरगा दोन संध्याकाळी सुडो (रूटच्या अधिकाराने चालवणारी कमांड) लावून हेच करत बसला होता. आरटीएसला जोडलेला रिले (विजेवर चालणारा स्विच) ढिम्म. आणि केबल यूएसबीची!

आधी तो पत्ताच घेऊ. ३एफ८ हा पीसीवरच्या पहिल्या कॉम पोर्टचा पत्ता. यूएसबी कन्व्हर्टर तिथे नसतोच. बरं, जुना खरा पोर्ट असला तरी ३एफ८ वर लिहिलं की एरवी एक बाइट टीएक्स या डेटा पाठवायच्या लाइनवरून बाहेर पडतो, आरटीएस जागची हलत नाही. डीटीआर-आरटीएसचे बिट चार घरं पुढे, ३एफसीवर असतात. म्हणजे लिहिणाऱ्याने हे एकदाही करून पाहिलेलं नाही, आणि शिकाऊ पोरांना मात्र रूट होऊन ड्रायव्हरच्या पाठीमागून चिपमध्ये हात घालायला सांगतोय. संताप येतो तो याचा.

'आयओसीटीएल_टीटीवाय'चं मॅन पेज (लिनक्सचं माहितीपान) उघडा. डीटीआर चढलेली आहे का, हे तपासणारा छोटा प्रोग्रॅम तिथे आख्खा दिलाय. ड्रायव्हरला द्यायच्या आज्ञा अशा: टीआयओसीएमजीईटीने लाइनची स्थिती वाचायची, टीआयओसीएमबीआयएसने हवी ती चढवायची, टीआयओसीएमबीआयसीने उतरवायची. भाच्याच्या प्रोग्रॅममध्ये हे घातलं आणि रिले टक्‌कन वाजला. सुडोशिवाय.

फॉरवर्डमधलं "डिव्हाइस फाइलला ७७७ द्या" (म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी) हेही नको. डेबियन, उबुंटूवर डायलआउट या, सिरियल पोर्ट वापरायची मुभा असलेल्या गटात आपलं नाव घाला, पुन्हा लॉगिन करा, झालं.

त्यातलं "पोर्ट उघडला की डीटीआर आपोआप चढते" हे मात्र खरं आहे, मानावंच लागेल. आर्डुइनो उनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड त्यामुळेच रीसेट होतो. पण "यावर काहीच इलाज नाही" हे चूक. एचयूपीसीएल हे पोर्टचं सेटिंग बंद केलं की पोर्ट बंद करताना डीटीआर पडत नाही, त्यामुळे पुढच्या वेळी उघडताना झटका बसत नाही. पहिल्यांदा उघडतानाचा तेवढा बसतो.

आणि आरटीएस हाताने चालवायची असेल तर सीआरटीएससीटीएस हे सेटिंग बंद हवं, नाहीतर ती लाइन फ्लो कंट्रोलच्या (डेटा आपोआप थांबवण्या-सोडण्याच्या) ताब्यात जाते. भाच्याने तेही कुठूनतरी उचलून चालू ठेवलं होतं.