सम संख्यांविषयीचा एक ‘सिद्ध’ दावा

सध्या फिरत असलेला दावा थोडक्यात असा आहे: ३ पासून पुढे लगतच्या मूळ संख्यांमधील अंतर सम असते, म्हणून प्रत्येक सम संख्या असे अंतर म्हणून अनंत वेळा येते, २ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते का, हा बेरजेचा प्रश्नही त्यातूनच सुटतो, शिवाय संगणकाने सारे तपासले असल्याने ती तशी असतेच हे गणितज्ञ गोल्डबाख यांचे अनुमान (म्हणजे सिद्ध न झालेला तर्क) सिद्धच मानावे.

यातील पहिले विधान खरे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष अजिबात निघत नाही. २ नंतरच्या सर्व मूळ संख्या विषम आहेत, तेव्हा अंतर सम येणारच. १, ५, ९, १३ ही श्रेढी घ्या: सर्व पदे विषम, सर्व अंतरे सम, तरीही लगतच्या पदांत २ हे अंतर कोठेच नाही. प्रत्येक सम संख्या अनंत वेळा अंतर म्हणून येते हे पोलिन्याक यांचे १८४९ मधील अनुमान आहे, आणि ते आजही अनुमानच आहे. ही अंतरे क्रमानेही येत नाहीत. १४ हे अंतर ११३ आणि १२७ यांच्यामध्येच भेटते, १० साठी मात्र १३९ आणि १४९ पर्यंत थांबावे लागते. २०१३ मध्ये यितांग झांग यांनी ७ कोटींहून लहान असे एखादे अंतर अनंत वेळा येते हे सिद्ध केले व पुढे ती मर्यादा २४६ पर्यंत खाली आली; परंतु ते अंतर नेमके कोणते, हे ती सिद्धता सांगत नाही.

बेरजेचा मुद्दा लवकर निकालात निघतो. १६ म्हणजे ३ अधिक १३. या दोहोंत १० चा फरक आहे, पण मध्ये ५, ७ आणि ११ बसलेले असल्याने ते लगतच्या मूळ संख्यांमधील अंतर नव्हेच.

राहिली पडताळणी. १७४२ मधील हे अनुमान ४ वर १८ शून्ये इतक्या मोठ्या संख्येपर्यंत तपासले गेले आहे, हे खरे. पण त्यापलीकडे अनंत सम संख्या उरतातच. खुद्द गोल्डबाख यांचेच दुसरे एक अनुमान होते, की प्रत्येक विषम संयुक्त संख्या ही एक मूळ संख्या आणि एखाद्या वर्गाची दुप्पट यांची बेरीज असते. ९ म्हणजे ७ अधिक २, १५ म्हणजे १३ अधिक २, असे हजारो संख्यांपर्यंत बिनचूक चालते आणि ५७७७ पाशी अडते: २, ८, १८ पासून ५६१८ पर्यंत वर्गांच्या सर्व दुपटी वजा करून पाहिल्या, तरी एकदाही मूळ संख्या उरत नाही. मूळ अनुमानाच्या दिशेने खरोखर सिद्ध झालेले पाहायचे, तर चेन जिंगरुन यांनी १९७३ मध्ये दिलेली सिद्धता पाहावी. पुरेशी मोठी प्रत्येक सम संख्या एक मूळ संख्या आणि जास्तीत जास्त दोन मूळ अवयव असलेली एक संख्या यांची बेरीज असते, इतकेच ती सांगते.