पुन्हा योसेमिटी, आणि गारगाईचा वाद

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी कुटुंबाची सुट्टी कुठे जाणार, हे बहुधा मुंबईहून येणारे पाहुणे ठरवतात. आपल्याला पाहायची असलेली ठिकाणे पुढच्या वर्षावर ढकलली जातात आणि गाडी पुन्हा योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या रस्त्याला लागते. या उन्हाळ्यात दादा-वहिनी आले, तेव्हाही तसेच झाले. पाहिलेलेच पुन्हा दाखवण्याचा मला पूर्वी कंटाळा येत असे. आता येत नाही, कारण त्याच जागी वारंवार गेल्यानेच तिथे काय बदलले ते कळते. पहिल्यांदा आलेल्या माणसाला, साहजिकच, सारे अनादि काळापासून असेच असावे असे वाटते. "यांनी बघ कसं जसंच्या तसं जपलंय, आणि आपण?" हे वाक्य प्रत्येक पाहुणा या प्रवासात एकदा तरी उच्चारतो. वहिनींनी ते मॅरिपोसा ग्रोव्हमध्ये उच्चारले.

मॅरिपोसा ग्रोव्ह हे महाकाय सिकोया वृक्षांचे राखीव वन. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी 1864 साली योसेमिटीच्या दरीबरोबरच ते कॅलिफोर्निया राज्याच्या हवाली केले. तिथले 'जसेच्या तसे' मात्र अलीकडचे आहे. मी प्रथम गेलो तेव्हा गाडी थेट झाडांच्या पायथ्याशी उभी करता येत असे. तिथेच भेटवस्तूंचे दुकान होते आणि पर्यटकांना फिरवणारी ट्रॅम होती. सिकोयाची मुळे खोल जात नाहीत, ती उथळ राहून दूरवर पसरतात. डांबराखाली त्यांचा श्वास कोंडतो आहे आणि पाण्याच्या वाटा अडल्या आहेत, हे ध्यानात आल्यावर 2015 पासून वन बंद ठेवून वाहनतळ उखडण्यात आला, दुकान आणि ट्रॅम हटवण्यात आली आणि 2018 साली वन पुन्हा खुले झाले. या कामाला सुमारे 4 कोटी डॉलर लागले, त्यांतले निम्मे देणग्यांतून आले. आता मोसमात गाडी दोन मैल अलीकडे लावून बसने यावे लागते. दरीत तर याहून जुना प्रकार होता: ग्लेशियर पॉइंटच्या कड्यावरून रात्री पेटते निखारे खाली लोटण्याचा 'फायरफॉल'. तो पाहायला एवढी गर्दी लोटे की खालची कुरणे तुडवली जात. 1968 साली तो बंद करण्यात आला, आणि आज त्यावाचून कोणाचे काही अडत नाही.

म्हणजे वहिनींना जे जपलेले वाटले, ते बऱ्याच अंशी आधी बिघडवून मग मागे घेतलेले आहे. मुंबईत परतल्यावर किंवा फोनवरून ऐकू येणाऱ्या वादांकडे मी गेली काही वर्षे या नजरेने पाहतो आहे. एखादी गोष्ट करावी की करू नये, यावर आपल्याकडे कडाक्याचे भांडण होते. पण ती चुकली तर मागे घेता येईल का, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्यामुळे सगळ्या वादांचा आवाज एकाच पट्टीत लागतो. माथेरानचेच पाहा. दस्तुरी नाक्याला मोटार सोडून पुढे पायी, घोड्यावर किंवा 1907 पासूनच्या छोट्या गाडीने जायचे, ही शिस्त आपल्याकडे मॅरिपोसाच्या कितीतरी आधीपासून आहे. तिथे ई-रिक्षा आल्या तेव्हा माथेरान संपले अशी हाकाटी झाली. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा मानवी प्रतिष्ठेला धरून नाहीत असे बजावून त्या सहा महिन्यांत बंद करायला सांगितले, आणि माणसाने माणसाला ओढू नये याबद्दल माझ्या मनात तरी शंका नाही. ई-रिक्षा बेसुमार झाल्या तर त्यांची संख्या उद्या कमी करता येईल. तो वाद निकराने लढण्याजोगा नाही.

हेच हेची हे प्रकरण निराळे. योसेमिटीच्याच हद्दीत, मुख्य दरीच्या वायव्येला, तिच्याच तोडीची हेच हेची नावाची दुसरी दरी होती. निसर्गरक्षणाचे पुरस्कर्ते जॉन म्यूर यांच्या कडव्या विरोधाला न जुमानता अमेरिकी काँग्रेसने 1913 साली ती बुडवायला परवानगी दिली आणि 1923 साली ओशॉनेसी धरण उभे राहिले. तिथले पाणी सुमारे 260 किलोमीटर अंतर उताराच्या बळावर कापत सॅन फ्रान्सिस्कोला आणि आम्ही राहतो त्या रेडवूड सिटीला येते. दादा महापालिकेच्या जल अभियंता खात्यातून निवृत्त झालेला. इतर पाहुणे जिथे पंधरा मिनिटे थांबतात, तिथे त्याने दुपार घालवली. धरणाच्या माथ्यावरून इकडून तिकडे चालला, 1938 साली उंची वाढवताना सांधा कुठे आला असेल याचा अंदाज बांधत राहिला. मग म्हणाला, "गारगाईविरुद्ध तू ग्रुपवर लिहितोस, आणि घरी नळाला हे पाणी."

गारगाईचा संदर्भ द्यायला हवा. मुंबईला रोज सुमारे 3900 दशलक्ष लिटर पाणी मिळते, ते सात तलावांतून. ते पुरत नाही म्हणून पालघर जिल्ह्यात, वाडा तालुक्यातल्या ओगदे गावाजवळ गारगाई नदीवर धरण बांधून रोज आणखी 440 दशलक्ष लिटर आणायची महापालिकेची योजना आहे. त्यासाठी तानसा अभयारण्यातले जंगल बुडेल, तोडायच्या झाडांची संख्या लाखांच्या घरात जाते, आणि आदिवासी गावांना उठावे लागेल. मधल्या काळात योजना मागे पडून मनोरीला समुद्राचे पाणी गोडे करण्याचा पर्याय पुढे आला; नंतर गारगाईने पुन्हा उचल खाल्ली.

दादाचे म्हणणे हलके नाही. विहार तलाव 1860 चा, तुळशी 1879 चा. त्यांच्या पाणलोटावर कोणाला वस्ती करू दिली नाही म्हणूनच बोरिवलीचे जंगल एवढे तरी उरले, नाहीतर तिथे कधीच चाळी आणि टॉवर उभे राहिले असते. तानसाचेही तेच. धरण जंगलाला खाते तसे राखतेही, हा त्याचा अनुभव आहे, आणि त्या खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाशी मी त्यावर वाद घालणार नाही.

माझा मुद्दा हेच हेचीच्या पुढच्या इतिहासावर उभा आहे. हे धरण काढून दरी मोकळी करावी, असा प्रस्ताव 1987 साली खुद्द अमेरिकेचे गृहमंत्री डोनाल्ड होडेल यांनी मांडला होता. (तिथले हे खाते पोलिसांचे नसून जमिनी आणि उद्यानांचे.) 2012 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांना एवढेच विचारले गेले, की धरणाशिवाय भागेल का याचा नुसता आराखडा तरी करावा का. पर्यावरणाच्या नावाने देशभर ओळखल्या जाणाऱ्या या शहरातल्या तीन चतुर्थांशांहून अधिक मतदारांनी नाही म्हटले. वाहनतळ उखडणारा समाज नळापाशी आला की थांबतो. शहराला एकदा पाण्याची सवय लागली की कितीही श्रीमंती आणि कितीही जागृती असो, परतीची वाट उरत नाही. म्हणून गारगाईवरचा वाद माथेरानच्या वादाहून शंभरपटींनी सावकाश आणि खोलात जाऊन व्हायला हवा. प्रत्यक्षात तो वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर होतो.

गावांचेही असेच आहे. योसेमिटीच्या दरीतून मूळ रहिवाशांना 1851 साली सशस्त्र तुकडी पाठवून हुसकावले गेले, आणि जे मागे राहिले त्यांची शेवटची वस्ती 1969 साली उद्यानाच्या व्यवस्थापनानेच पाडली. तिथे त्यांचे पारंपरिक सभागृह पुन्हा बांधू देण्याचा करार झाला तो 2018 साली. सभागृह बांधता येईल. पण तिथे संसार करणारी माणसे पन्नास वर्षांत पांगली, त्यांना कुठून आणणार? पुनर्वसनाचा आकडा जाहीर करणाऱ्यांनी हे एकदा वाचावे.

टायोगा खिंड ओलांडून आम्ही मोनो लेकला उतरलो. या खाऱ्या सरोवराला मिळणारे ओढे लॉस एंजेलिसने 1941 पासून वळवले आणि चाळीस वर्षांत पातळी सुमारे 45 फूट खाली गेली. 1983 साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने, असे जलाशय सरकारकडे लोकांचा ठेवा म्हणून असतात, असा निर्णय दिला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने पुढे एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्यात, बियास नदीकाठच्या मोटेलबाबत निकाल देताना, याच निर्णयाचा आधार घेतला आणि ते तत्त्व भारतात आणले. मोनोची पातळी 6392 फुटांवर आणायची, असे 1994 साली ठरले. ती अजून तिथवर पोचलेली नाही. पण ओढे सुटले, आणि लोकसंख्या वाढूनही लॉस एंजेलिसची पाण्याची मागणी 1970 च्या दशकाहून कमी राखता आली, ती काटकसर आणि पुनर्वापर यांच्या जोरावर.

मुंबईने हाच क्रम धरावा असे मला वाटते: आधी जुन्या वाहिन्यांतली गळती आणि चोरी, मग सांडपाण्यावर प्रक्रिया करून त्याचा वापर, मग मनोरी, आणि त्यानंतरही तूट उरली तर गारगाई. दादाने हे ऐकून घेतले. गळती शोधायला रात्री दोन वाजता रस्ता खणावा लागतो आणि त्या कामाच्या उद्घाटनाला कोणी मंत्री येत नाही, हे त्याने स्वतःच सांगितले. तरीही क्रम त्याला मान्य नाही. मानखुर्द-गोवंडीत हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायकांना आणखी पंधरा वर्षे थांबा असे कोण सांगणार, आणि वाचवलेले पाणी त्यांच्या गल्लीत पोचेल याची हमी कोण देणार, असे त्याने विचारले. त्यातल्या दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.