ईसीजी सरळ आला म्हणून गोळी बंद?

‘ठोके अनियमित असतील तर रोज एक ॲस्पिरिन पुरे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या हा कंपन्यांचा धंदा. ईसीजी सरळ आला की औषध बंद करा. मध्येच ठोका चुकला तर ठोके नियमित करणारी गोळी घ्या. डिजॉक्सिन वनस्पतीतले, म्हणून निर्धोक.’ हा मजकूर सगळीकडे फिरतो आहे. पाचांपैकी एकही वाक्य धड नाही.

आधी ॲस्पिरिन. ठोके अनियमित करणाऱ्या एट्रियल फिब्रिलेशन या आजारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. रक्त साचते, गुठळी धरते आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात. अशी गुठळी मुख्यतः रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांमुळे बनते. ॲस्पिरिन रोखते प्लेटलेटना, म्हणजे रक्तातल्या एकमेकींना चिकटणाऱ्या सूक्ष्म पेशींना. 2011च्या ॲव्हेरोज चाचणीत वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी जुनी गोळी न चालणाऱ्या 5,599 रुग्णांना ॲपिक्साबॅन ही त्याच कामाची नवी गोळी किंवा ॲस्पिरिन दिले. पक्षाघात किंवा अन्यत्र गुठळी अडकण्याचे प्रमाण वर्षाला 1.6 टक्के विरुद्ध 3.7 टक्के आले. मोठ्या रक्तस्रावात लक्षणीय फरक नव्हता. (स्टेंटसाठी ॲस्पिरिन चालू असेल तर तो विषय वेगळा, ती मनाने थांबवू नका.)

धंद्याचे म्हणाल, तर वॉरफरिन माणसांसाठी 1954पासून वापरात आहे आणि या आजारातले पक्षाघात सुमारे दोन तृतीयांशाने कमी करते. यांत्रिक झडप बसवलेल्यांना आजही तेच लागते, नव्या गोळ्या चालत नाहीत.

‘ईसीजी सरळ’ म्हणजे नेहमीच्या कागदावरचे साधारण दहा सेकंद. फिब्रिलेशन येते-जाते, बऱ्याचदा रुग्णाला पत्ताही लागत नाही. आणि वय, रक्तदाब, मधुमेह हे धोके तर कुठेच गेलेले नसतात. 2002च्या अफर्म चाचणीत, 4,060 रुग्णांमध्ये, बहुतेक पक्षाघात वॉरफरिन थांबवलेल्यांना किंवा ज्यांचा आयएनआर (रक्त किती पातळ झाले ते सांगणारा आकडा) कमी होता त्यांना झाले. ताल सुधारण्याचे उपचार लवकर सुरू केले तर फायदा होतो, हे 2020मध्ये एका चाचणीत दिसले खरे. पण तिथेही गुठळी रोखणारे औषध दोन्ही गटांत होतेच.

चुकलेल्या ठोक्यावर गोळी, हा सल्ला वाचून मला कास्ट चाचणी आठवली. हृदयविकाराच्या झटक्यानंतर जादा ठोके पडणारे रुग्ण जास्त दगावतात. मग ते ठोके दाबले की जीव वाचेल, असा तेव्हाचा सरळ तर्क. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ते ठोके दाबत. ज्यांचे ठोके औषधाने खरोखर दबले, अशाच रुग्णांना चाचणीत पुढे नेले होते. 1991च्या अहवालात आकडे आले: औषध घेणाऱ्या 755 जणांत 63 मृत्यू, नुसती साखरगोळी घेणाऱ्या 743 जणांत 26. ईसीजी सुधारला होता, माणसे जास्त मेली होती. फ्लेकेनाइड आजही वापरतात, पण हृदयाच्या रचनेत दोष नाही याची खात्री करून. ती खात्री कुणाच्या फॉरवर्डवरून होत नाही.

राहिले डिजॉक्सिन. हे हृदयाचे औषध फॉक्सग्लोव्ह या वनस्पतीतले. तिच्या पानांविषयी डॉक्टर विल्यम विदरिंग यांनी 1785मध्ये लिहिले, तेव्हाच त्यांनी विषारी परिणामही नोंदवले होते. उपयोगी आणि घातक मात्रेत अंतर फार थोडे. मूत्रपिंड मंदावले किंवा सोबत ॲमिओडेरॉन हे ठोके नियमित करणारे औषध सुरू झाले, की कालपर्यंत सोसत असलेला डोसच जड होतो: मळमळ, पिवळसर दिसणे आणि नव्याने बिघडलेले ठोके.