पाय उडतात म्हणजे नस जागी झाली, असं नसतं

गेल्या महिन्यात हा निरोप मला तीन जणांनी पाठवला: ‘मणक्याला मार लागलेल्याचे पाय आपोआप उडायला लागले की समजा, नसा जाग्या झाल्या. गरम तेल चोळा, शेक द्या, पाणी कमी पाजा, व्हीलचेअरची सवय लावू नका. जिद्द असेल तर सहा महिन्यांत चालेल.’ पाठवणारे सगळे मायेची माणसं आहेत. पण सात वर्षांपूर्वी कलमावरून आंबे काढताना पडलो, छातीच्या मणक्यांतल्या वरून चौथ्याला, टी ४ ला मार बसला, तेव्हापासून मी याच शरीरात राहतोय. हा निरोप ऐकून कुणाचा तरी जीव जाईल.

आधी पाय उडण्याचं. मार बसल्यावर काही आठवडे पाय पार लुळे असतात. तो धक्का ओसरला की जखमेखालचा मज्जारज्जू परस्पर हालचाली करायला लागतो. त्याला आवरणारा मेंदूचा हुकूम तिथवर पोचत नाही, म्हणून चादर घासली तरी गुडघा ताडकन वर येतो. माझा पहिल्यांदा आला तेव्हा आईनं देवापुढे साखर ठेवली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला पायाचा अंगठा हलवायला सांगितलं. तो हलला नाही. सांगितल्यावर हलणं ही सुधारणा. आपोआप उडणं म्हणजे ती नव्हे. आता उडणं एकाएकी वाढलं की मी कारण शोधतो: लघवीत जंतुसंसर्ग, तुंबलेलं पोट, कातडीवर जखम. एकदा नुसतं मांसात रुतलेलं नख निघालं.

शेक तर नकोच. गरम पाण्याच्या पिशवीनं माझ्या पोटरीवर तळहाताएवढा फोड आला, तो मला कळलाच नाही. लेंगा बदलताना आईला दिसला. भरून यायला दोन महिने लागले. तेलाचा हलका हात चालेल, पण एकच पाय अचानक सुजला असेल तर चोळू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते, आणि ती सुटून फुप्फुसात जाते.

पाणी कमी केल्यानं लघवी दाट होते, खडे आणि संसर्ग होतात. लघवी साठू न देणं हा खरा उपाय. दर ४ ते ६ तासांनी नळी घालून मूत्राशय रिकामं करायचं. साबणानं धुतलेल्या हातांनी हे घरी करता येतं, हे अमेरिकेतल्या डॉ. जॅक लॅपिडीस यांनी १९७२ मध्ये मांडलं. त्याआधी कितीतरी पेशंट मूत्रपिंडं निकामी होऊन जायचे. टी ६ ला किंवा त्याच्या वरच्या मणक्याला मार असेल तर तुंबलेल्या लघवीनंही रक्तदाब भडकतो: डोकं फुटेल असं दुखतं, चेहरा लाल होतो, कपाळाला घाम सुटतो. अशा वेळी आडवं करू नका. बसतं करा, कपडे सैल करा, नळी कुठे अडकलीय का बघा. तरी उतरलं नाही तर तडक दवाखाना.

व्हीलचेअरनं कुणाचे पाय मरत नाहीत. बिछान्यात खितपत पडल्यानं पाठीच्या खाली हाडापर्यंत जखमा होतात. अंथरुणात दर दोन तासांनी कूस, खुर्चीत दर पंधरा-वीस मिनिटांनी ढुंगण उचलणं, आणि रात्री आरशात माकडहाड न् टाचा पाहणं, हे माझं रोजचं आहे.

आणि जिद्द. मज्जारज्जू पूर्ण तुटलाय की काही धागे शाबूत आहेत, यावर बरंचसं ठरतं. व्यायाम हवाच, पण माझ्याबरोबर वॉर्डात असलेला, माझ्यापेक्षा दुप्पट कष्ट घेणारा मुलगा चालला नाही. त्याच्यात जिद्द कमी होती, असं त्याच्या आईला कुणी सांगू नये.