बारा लिहिलंय ना, मग बारा द्या

सोलापुरात लिथियमचे पॅक बांधायचा धंदा करायचा असेल तर आधी चिपची अख्खी डेटाशीट, म्हणजे कंपनीचं माहितीपत्रक, वाचायची खोड मोडा. अगदीच राहवत नसेल तर 'अ‍ॅब्सोल्यूट मॅक्सिमम' लिहिलेला, म्हणजे कमाल मर्यादांचा, तक्ता तेवढा बघा. पुढचा 'रेकमेंडेड', म्हणजे शिफारशीचा, तक्ता ही घाबरट इंजिनियरांची कुरकुर. आपण मे महिन्यात 43 अंशांत होटगी रोडने टोपीशिवाय जातो, तर चिपचे एवढे लाड कशाला?

मॅक्स485 घ्या, तारेवरून निरोप पाठवणारी चिप. पुरवठा 4.75 ते 5.25 व्होल्ट असावा म्हणे. कमाल मर्यादा मात्र 12! आणि तुमच्या पायाशी 12 व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी पडलेली. छत्तीस गुण जुळले. मध्ये व्होल्टेज उतरवणारा रेग्युलेटर आणि दोन कपॅसिटर घालून चार रुपये आणि करंगळीएवढी जागा का दवडायची? थेट जोडा. चार्जिंगला लावली की हीच बॅटरी 14.4 व्होल्टवर जाते असं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाजा आणि विषय बदला.

3.3 व्होल्टवाल्या एसएन65एचव्हीडी230 ची (ही कॅन बसची, म्हणजे बॅटरी नि इन्व्हर्टर ज्या सामायिक तारांवर बोलतात त्यांची चिप) तर मजाच आहे. शिफारस 3.6 पर्यंत, मर्यादा 6, आणि पूर्ण भरलेला लिथियम-आयन सेल 4.2. म्हणजे मोकळं मैदान! कमाल तक्त्याजवळच बारीक अक्षरात छापलेलं असतं की या आकड्यांवर चिप काम करेल असा आमचा दावा नाही, आणि तिथे फार वेळ ठेवली तर भरवसा उरत नाही. एवढं बारीक वाचून चष्मा कशाला लावून घ्यायचा? सांगोल्याच्या डाळिंबाच्या बागेत ओलावा मोजणाऱ्या यंत्रातल्या लोराच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या रेडिओच्या, एसएक्स1278 चिपला याच सेलवर थेट टाकलंत तर आणखी प्रगती. तिची शिफारस 3.7 आणि मर्यादा 3.9, दोन्ही रेषा एकाच उडीत पार.

चाचणी मात्र जरूर करा. टेबलावरच्या पॉवर सप्लायवर, करंटची मर्यादा 100 मिलिअँपला बांधून, पंख्याखाली, चहा येईपर्यंत. जास्त व्होल्टेजवर एखादा झटका बसला की चिपच्या पोटात झोपलेला थायरिस्टर, म्हणजे एकदा चालू झाला की पुरवठा तोडेपर्यंत बंद न होणारा स्विच, कधी कधी जागा होतो, आणि पुरवठा नि ग्राउंड आतल्या आत गळ्यात गळे घालतात. लॅचअप म्हणतात त्याला. टेबलावर सप्लाय लगेच हात आखडता घेतो, तुम्ही बंद करून चालू करता, चिप परत बोलायला लागते. मग सगळ्यांना सांगायचं, 'माल टणक आहे.' लिथियमच्या सेलला हात आखडता घ्यायचं कुणी शिकवलेलं नाही. तो मागेल तितका करंट देत राहतो, आणि बंद-चालू करायला तिथे तुम्ही नसता.

लॅचअप नाही झालं तर फारच छान, मग काम सावकाश होतं. ट्रान्झिस्टरच्या गेटखाली काही नॅनोमीटरचा ऑक्साइडचा थर असतो. व्होल्टेज थोडं वाढलं तरी त्याचं आयुष्य झपाट्याने घटतं, उष्णतेने आणखी. तेव्हा जागा नीट निवडा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याचं ऑफिस गाठा आणि बॅकअपचा डबा पत्र्याला चिकटून टांगा. दुपारी तीनला सोलर जोरात, सेल काठोकाठ भरलेले, व्होल्टेज दिवसातलं सर्वांत जास्त, आणि पत्राही तेव्हाच सर्वांत तापलेला. असा मुहूर्त मे महिन्यात रोज येतो. म्हणून डिलिव्हरी जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या आसपास द्यावी. तेव्हा सगळं उत्तम चालतं.

चिप मरताना धूर काढेलच असं नाही. आधी अधूनमधून बोबडी वळते. कॅन बस बिचारी चुकीचा निरोप ओळखून टाकून देते, पुन्हा पाठवायला लावते, चुका मोजत बसते. मोजणी 255 च्या वर गेली की तो नोड, म्हणजे चुका करणारं ते यंत्र, बसवरून बाहेर. बीएमएसचं, म्हणजे पॅकमधल्या सेलवर नजर ठेवणाऱ्या सर्किटचं, बोलणं थांबलं की काही इन्व्हर्टर चार्जिंगच बंद करतात. काही मात्र आपल्याच सेटिंगवर चार्ज करत राहतात, आतल्या एखाद्या सेलचं काय चाललंय याची गंधवार्ता नसताना.

मग मालकाचा फोन येईल. पहिल्यांदा 'रीस्टार्ट करून बघा' म्हणा, दुसऱ्यांदा वायर बदला. तिसऱ्यांदा जावंच लागेल. जाताना तशीच नवी चिप न्या आणि तशीच जोडा. मालक तापलेला असेल, तर शांतपणे विचारा, "साहेब, शेजारच्या शेडमध्ये वेल्डिंग चालू होतं का हो?" एमआयडीसीत कुठे ना कुठे ते चालूच असतं.